वरातीची उघडी गाडी आणि घरचा हिशेब

शहागडहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय आहे का? गाडीचं इंजिन, गाडीचा टप, गाडीचा मिस्त्री. पण गाडीचा हप्ता घरातून जातो, गाडी बंद पडली की गळ्यातलं गहाण पडतं, आणि आजकाल कर्ज बाईच्या नावावर लवकर मिळतं म्हणून गाडीही बाईच्याच नावावर असते. मग विषय आपलाच की.

आपल्या भागात लग्नात आता उघड्या टपाची गाडी लागते. आधी घोडी होती, मग सजवलेला ट्रॅक्टर आला, मग टप कापलेली जीप आली. आता बटण दाबलं की टप आपोआप मागं जाऊन डिकीत बसतो, अशी परदेशी गाडी परण्याला हवी. नवरदेव मागच्या सीटवर उभा, पुढं डीजे, वर फुलांचा पाऊस. दिसायला देखणंच दिसतं, त्यात वाद नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींचं घराणं आपल्या जुन्या मेबॅक गाडीतून येतं, ती बघायला लोक गर्दी करतात. राजाच्या गाडीचं आकर्षण माणसाला आहेच, आणि नवरदेव म्हणजे एका दिवसाचा राजाच. फक्त राजाच्या गाडीला राजाची तिजोरी असते, आपल्या गाडीला नसते.

आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी अशी गाडी आहे. तिचा पोरगा मंडप आणि सजावटीची कामं करतो. मेहनती पोरगा आहे, त्याच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. दोन वर्षांमागं त्यानं जर्मन कंपनीची, टप उघडणारी, बारा-तेरा वर्षं जुनी गाडी साडेचार लाखाला घेतली. बैलजोडी घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावरची गाठ बघतो. ही गाडी रात्री आठ वाजता मोबाइलच्या उजेडात बघून घेतलेली. नवी होती तेव्हा तिची किंमत याच्या दहापट होती, आणि तिथंच घोळ आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. साडेचार लाखाच्या गाडीला पन्नास लाखाच्या गाडीचेच भाग लागतात. ही एक गोष्ट ध्यानात आली तरी अर्ध्या घरांतलं भांडण मिटेल.

अशा गाड्या आपल्याकडं स्वस्तात येतात कुठून, हेही आम्ही विचारून घेतलं. एक म्हणजे दिल्लीहून. दिल्ली आणि तिच्या आसपास दहा वर्षांपुढची डिझेल गाडी आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायला बंदी घालण्यात आली, तेव्हापासून तिकडच्या जुन्या महागड्या गाड्या पडत्या भावात बाहेरच्या राज्यांत जायला लागल्या. दुसरं म्हणजे आपल्या जवळूनच. तुम्हाला आठवत असेल, २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. त्या साऱ्या गाड्यांना आता पंधरा वर्षं झाली. शौकाची गाडी पहिला मालक पाच-सात वर्षं वापरतो, दुसरा तीन, आणि तिसऱ्या-चौथ्या हाती ती खेड्यात येते. कंपनीच्या मोठ्या दुरुस्त्या नेमक्या तेव्हाच येतात. पहिल्यानं मजा केली, बिल चौथा भरतो.

तर झालं असं. ऐन लग्नसराईत, एप्रिलच्या शेवटी, परण्याच्या वाटेवर गाडीचा टप अर्धा उघडून अडकला. ना पुढं, ना मागं. पोरांनी हातानं ओढून, दोरी बांधून कशीबशी वेळ मारून नेली. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं, पंप गेला, साठ हजार लागतील. ताई आमच्या बैठकीत आली आणि म्हणाली, मला साठ हजार अंतर्गत कर्ज द्या, पुढं अकरा ऑर्डरी आहेत, गाडी उभी राहिली तर हप्ता थकेल.

आमच्या गटात अकरा जणी. साठ हजार म्हणजे जवळजवळ सगळी शिल्लक. त्यातच एकीच्या सुनेचं बाळंतपण दोन महिन्यांवर, दुसरीला मृगाच्या आधी सरकीचं बियाणं घ्यायचं. पैसे दिले तर यांना काय द्यायचं? नाही दिले तर जी बाई आठ वर्षं एकही हप्ता न चुकवता बसली, तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? अर्धा तास कुणीच बोललं नाही. मग आमच्यातल्या आक्का म्हणाल्या, "घोडी परवडली बाई, तिला निदान बांधावरचं गवत चालतं." सगळ्या हसल्या आणि मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. हो-नाही नंतर सांगू, आधी गाडीचा हिशेब मांडू, असं ठरलं.

तो हिशेब तुम्हाला सांगतो, कारण तो बहुतेक घरांत मांडलेलाच नसतो. त्या वर्षी गाडी एकतीस लग्नांत गेली. त्यातल्या सव्वीस ऑर्डरी पैशाच्या, एका ऑर्डरीचे सहा हजार. झाले एक लाख छप्पन्न हजार. ऐकायला बरे वाटतात. आता प्रत्येक ऑर्डरीला पेट्रोल, डायव्हर, धुणं-पुसणं धरून दीड हजार जातात, म्हणजे एकोणचाळीस हजार. उरले एक लाख सतरा हजार. कर्जाचा हप्ता महिन्याला साडेनऊ हजार, वर्षाचे एक लाख चौदा हजार. हातात राहिले तीन हजार. आणि उरलेल्या पाच ऑर्डरी? त्या भावकीतल्या आणि मित्रांच्या, फुकट. भाडं नाही पण पेट्रोल आणि डायव्हर तर लागलाच, साडेसात हजार. म्हणजे तीन हजार तर गेलेच, वर साडेचार हजार घरातून घातले. विमा यात धरलेला नाही, टायर धरलेले नाहीत आणि दुरुस्तीचा एक रुपयाही धरलेला नाही.

ताई कागदाकडं बघत राहिली. म्हणाली, "आम्हाला वाटायचं गाडी घर चालवते." आम्ही काही बोललो नाही.

साठ हजार आमच्याकडून शेकडा दोनानं घेतले आणि वर्षभरात महिन्याला पाच हजार मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज बाराशे, मग दर महिन्याला शंभरानं कमी. वर्षाचं व्याज सात हजार आठशे. म्हणजे साठ हजाराची दुरुस्ती सदुसष्ट हजार आठशेला पडणार, आणि ती फेडायला गाडीची कमाई शिल्लक नाही. मग फेडणार कशातून? शेळ्यांतून आणि ताईच्या रोजंदारीतून. गाडी घराला पोसत नव्हती, घर गाडीला पोसत होतं.

आता पुढचा प्रश्न, साठ हजार खरंच लागतात का? आमच्या एका सदस्येचा भाऊ मोठ्या गाड्यांचं वायरिंग करतो, त्याला बोलावलं. त्यानं आम्हाला जे समजावलं ते आम्हाला फार पटलं, कारण ते आपल्या चुलीपाशीच समजण्यासारखं आहे.

टप उघडणं हे एका बटणाचं काम दिसतं, पण आत ती सगळी साखळी आहे. डिकीत किंवा मागच्या बाजूला एक छोटा पंप असतो, तो तेल दाबून नळ्यांतून पाठवतो, तेलाच्या दाबानं दांडे सरकतात आणि टप उचलला जातो. प्रत्येक टप्प्यावर एक बारीक बटण बसवलेलं असतं. कडी सुटली की ते बटण गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतं, कडी सुटली. मग काचा खाली. काचा खाली गेल्या, तसा निरोप. मग डिकीचं झाकण. एक जरी निरोप आला नाही तर कॉम्प्युटर तिथंच थांबतो, कारण पुढं गेला तर लोखंडावर लोखंड आपटेल. तेव्हा टप अडकला म्हणजे पंपच गेला, असं फोनवरून सांगणारा माणूस ताप आला म्हणजे विषमज्वरच, असं म्हणणाऱ्या डॉक्टरासारखा.

त्यानं आधी काय बघितलं? बॅटरी. टपाच्या पंपाला मोठा करंट लागतो, बॅटरी दमलेली असेल तर टप मध्येच थांबतो. मग डिकीतला पडदा. अशा बऱ्याच गाड्यांत डिकीत एक आडवा पडदा असतो, टप येऊन बसायची जागा मोकळी आहे हे त्या पडद्यावरून गाडीला कळतं. पडदा आपल्या खाचेत नसेल तर टप हलतच नाही. आणि आमच्या पोरांनी डिकीत काय ठेवलेलं? साउंडचा ॲम्प्लिफायर, फुलांच्या माळांचं पोतं आणि रंगीत कागद उडवायच्या नळ्या. पडदा एका बाजूनं वाकलेला. तो सरळ केला तर टप आणखी वीतभर सरकला, मग पुन्हा थांबला. पुढं बिजागरीपाशी एक वायर घासून तुटलेली सापडली. टप शेकडो वेळा वाकतो, त्याच्याबरोबर वायरही वाकते, एक दिवस तुटते. मोटारीच्या केबलला आपल्याकडं होतं तेच. तेलही थोडं कमी होतं. पंप चालू होता, नुसता आवाज ऐकूनच त्यानं सांगितलं.

पण खरी गंमत पुढं आहे. टप बघता बघता त्यानं बोनेट उघडलं आणि म्हणाला, "टपाचं सोडा मावशी, ही गाडी पुढच्या वरातीत हेड उडवणार."

हे नीट ऐका. गाडी हायवेवर पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरवर आदळतो आणि आतलं पाणी गार होतं. वरातीत गाडी माणसाच्या पायानं चालते, दोन-दोन तास, मे महिन्याच्या उन्हात, वरून नवरदेवाला गार वाटावं म्हणून टप उघडा असून एसी चालू. वारा नाही, सगळा भार एका पंख्यावर. या गाड्यांत पाण्याची टाकी, पाइपची तोंडं, पाण्याच्या पंपाचा काही भाग प्लास्टिकचा असतो. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेनं ते प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. आतलं पाणी कुकरसारखं दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशावरही उकळत नाही. टाकीला बारीकशी चीर गेली की दाब जातो आणि शिट्टी उडालेल्या कुकरसारखं सगळं बाहेर. मग इंजिनाचं हेड तापून वाकतं. ते ॲल्युमिनियमचं असतं, आपल्या पातेल्यासारखंच, रिकामं चुलीवर राहिलं तर बूड वाकडं होतं. हेडचं काम निघालं की रेडिएटर, टाकी, पंप या सगळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च. इतक्या जुन्या गाडीला तो खर्च म्हणजे गाडी भंगारात काढण्याचीच वेळ.

त्यात पोरं काय करत होती? कूलंट महाग म्हणून बोअरचं पाणी ओतत होती. आपल्या बोअरच्या पाण्यानं बंबाला आतून कसा पांढरा थर धरतो, ते प्रत्येकीनं खरवडून काढलेलं आहे. तोच थर रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत धरला तर पाणी फिरणार कुठून? कूलंट आणि ठरावीक प्रमाणात शुद्ध पाणी, त्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. आणि गाडी तापलेली असताना टाकीचं झाकण कुणी उघडू नका, वाफ तोंडावर येते, माणूस भाजतो. काटा मध्याच्या वर चढायला लागला की एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, मग नवरदेव पायी गेला तरी चालेल. मारुतीच्या देवळापर्यंत पायी गेल्यानं कुणाचं लग्न मोडलेलं आम्ही ऐकलेलं नाही.

आमच्या मते दुरुस्तीच्या खर्चात सगळ्यांत मोठी बचत इथंच आहे, पहिला रुपया कुठं घालायचा हे ठरवण्यात. जे बिघडलं तर माणूस मरेल ते आधी, म्हणजे ब्रेक, टायर, स्टिअरिंग. जे बिघडलं तर गाडी मरेल ते त्याच्यामागं, म्हणजे पाणी, तेल, पट्टे. जे बिघडलं तर नुसती शोभा जाईल ते शेवटी. टप शोभेचा आहे. अशा बहुतेक गाड्यांत टप हातानं बंद करायची सोय दिलेली असते, ती गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते. आमच्या घरोघरी मात्र उलटं चालतं, गिऱ्हाइकाला दिसतं ते आधी दुरुस्त होतं.

टायरचं एक सांगतो, फुकटचं आहे. टायरच्या बाजूला एका लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. वरातीची गाडी फार पळत नाही, म्हणून टायरच्या नक्षीकडं बघून तो नवा वाटतो, पण रबर उन्हानं वाळलेलं असतं, बारीक भेगा पडलेल्या असतात. ताईच्या गाडीचे दोन टायर नऊ वर्षांचे निघाले.

आता सुट्या भागांबद्दल. एकाच भागाच्या चार किमती असतात. कंपनीच्या शोरूमचा, कंपनीच्या शिक्क्याच्या डब्यातला. दुसरा त्याच कारखान्यात बनलेला, पण गाडी कंपनीचा शिक्का नसलेला, कारण गाडी कंपन्या सगळे भाग स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. तिसरा भलत्याच कारखान्याचा, नकलेचा. आणि चौथा जुन्या गाडीचा काढलेला, मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीला मायापुरीत मिळतो तसा. यातला दुसरा आमच्या मते बहुतेक वेळा शहाणपणाचा. चौथाही चालतो, पण कशाला? काच, सीट, दाराची कडी, आरसा, टपाचा दांडा यांना. ब्रेकचे भाग, पट्टे, पाण्याचा पंप, टायर, एअरबॅग हे जुने कधीच घेऊ नका. आणि कुठलाही भाग मागवताना गाडीचा चेसी नंबर द्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं तर एकाच नावाच्या गाडीत सालागणिक भाग बदललेला असतो आणि आणलेला परत घेत नाहीत.

गॅरेजकडं जाताना घरातली एखादी बाई बरोबर जावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडी कळायची गरज नाही. किराणा घेताना आपण प्रश्न विचारतो ना, तसेच विचारायचे. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहून द्या, भाग वेगळे, मजुरी वेगळी. काम वाढलं तर आधी फोन करा, मग हात लावा. काढलेला जुना भाग मला परत द्या. हे शेवटचं फार कामाचं, कारण जुना भाग हातात आला की बदलला की नाही हे कळतं. मशीन लावून कॉम्प्युटरचा बिघाड काढला तर त्याचा कागद मागा. आणि कागदावर ज्या भागाचं नाव येतं तोच बिघडलाय असं नसतं, तिथून निरोप आला नाही एवढंच त्याचा अर्थ असतो. कधी भाग चांगला असतो, वायर तुटलेली असते. ताईच्या टपाचं तसंच निघालं.

आपण हायवेवर राहतो याचाही फायदा घ्यावा. सोलापूर-धुळे रस्त्यावर गॅरेजांना तोटा नाही. तेल बदलणं, ब्रेक, टायर, पंखा, एसीचा गॅस, रेडिएटर धुणं, ही कामं आपल्याकडचा चांगला मिस्त्री करतो. गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईला गेलं तरी होतात. कॉम्प्युटरचं आणि टपाचं काम तेवढं संभाजीनगरला न्यायचं. सत्तरेक किलोमीटर जायचं तर एका फेरीत सगळी कामं काढा, प्रत्येक खडखडीला गाडी शहरात पळवू नका.

पावसाळ्यात उघड्या टपाच्या गाडीची वेगळीच तऱ्हा. टपाच्या कडेनं पाणी वाहून जायला पन्हाळीसारख्या नळ्या असतात, त्या दाराच्या किंवा मागच्या चाकाच्या बाजूनं खाली उघडतात. वरातीत उडवलेली चमकी, पाकळ्या, तांदूळ सगळं त्यात जाऊन बसतं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाहेर न जाता गाडीत उतरतं, गालिच्याखाली मुरतं, आणि काही गाड्यांत नेमक्या तिथंच किमती कॉम्प्युटरच्या डब्या असतात. लग्नसराई संपली की या नळ्यांत पेलाभर पाणी ओतून बघा, गाडीखाली टपटप पडलं पाहिजे. तुंबली असेल तर मऊ पातळ नळी घाला, सळई घालू नका, सळईनं आतली नळी निसटते. ओला टप दुमडून ठेवू नका, कापडाला बुरशी येते. रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉनचं ग्रीस हलक्या हातानं लावा. चार महिने गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची तार काढून ठेवा, आणि शेजारी कडब्याची गंजी नको. उंदरांना वायरी फार आवडतात.

आता कागदांकडं येतो. हे आम्ही शेवटी ठेवलं, पण बैठकीत याच्यावरच सगळ्यांत जास्त वेळ गेला. गाडी ताईच्या नावावर आहे, पांढऱ्या पाटीची आहे, म्हणजे घरच्या वापराची. भाड्यानं द्यायची तर तशी नोंदणी लागते, पाटी वेगळी, परवाना वेगळा, विमा वेगळा. घरगुती गाडीचा विमा भाड्याच्या कामाला चालत नाही, तसं विम्याच्या कागदातच लिहिलेलं असतं. वरातीत गर्दी असते, लहान लेकरं चाकापाशी नाचत असतात. देव न करो, पण काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा जखमीला पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. मालक कोण? पोरगा नाही, डायव्हर नाही. आरसी बुकावर जिचं नाव, ती. ताईला हे पहिल्यांदाच कळलं. साठ हजाराचं राहू द्या, इथं घर आणि दोन एकर पणाला लागलेले होते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करावी लागते, गाडी दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या साध्या मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये फी झाली, आणि परदेशातून आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. टप उघडणाऱ्या महागड्या गाड्या बहुतेक अशाच बाहेरून आलेल्या असतात. वीस वर्षांपुढं गेली तर २०२५ मध्ये फी आणखी वाढलीय. ताईच्या गाडीला पंधरा व्हायला थोडाच काळ राहिलाय, म्हणजे हा खर्च दारात उभा आहे. ज्यांच्याकडं टप कापलेली जीप आहे त्यांनीही ऐका. कंपनीनं दिलेली बांधणी अशी बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, पकडली तर दंड आणि नोंदणीचा घोळ. दिल्लीची गाडी घेणार असाल तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि थकलेले ऑनलाइन दंड हे तिन्ही बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

मग आम्ही ठरवलं काय? साठ हजार दिले नाहीत. बावीस हजार दिले. त्यात पाण्याची टाकी, पाण्याचा पंप, पाइप, कूलंट आणि दोन टायर बसले. टायर आपल्याकडचेच, पंप त्याच कारखान्याचा पण शिक्क्याविना. टपाची वायर जोडून तेल घातलं, त्याचे अडीच हजार पोराने स्वतःच्या खिशातले दिले. ठरावात आम्ही दोन अटी लिहिल्या. प्रत्येक ऑर्डरीमागं एक हजार रुपये ताईच्या वेगळ्या खात्यात, दुरुस्तीसाठी, त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. आणि फुकटची फेरी बंद, भावकी असली तरी पेट्रोल आणि डायव्हरचे दीड हजार आधी. पोरगा चिडला. म्हणाला, गटाच्या बाया आता माझा धंदा चालवणार का? आक्का म्हणाल्या, "धंदा तू चालव, पैसे आमचे आहेत तोवर हिशेब आम्ही बघतो." भाड्याच्या नोंदणीसाठी आणि विम्यासाठी त्याला जालन्याला आरटीओत पाठवलं. तोवरच्या तीन ऑर्डरी त्यानं दुसऱ्याच्या परवाना असलेल्या गाडीला दिल्या, त्यात त्याला थोडं कमिशन सुटलं.

बियाणं वेळेवर आलं, बाळंतपणाला पैसे राहिले. आषाढात ताईनं खातं दाखवलं, आठ हजार जमले होते. पंधरा वर्षांची नोंदणी येण्याआधी गाडी विकायची की ठेवायची, यावर मायलेकाचं अजून एकमत नाही. ताई म्हणते विकून सजावटीचं सामान घेऊ, पोरगा म्हणतो अजून एक लग्नसराई. तुळशीच्या लग्नाच्या आत दोघांनी वहीतला वर्षाचा हिशेब घेऊन बैठकीत यायचं आहे.

तुमच्या गावात कुणाकडं अशी गाडी असेल, किंवा घेण्याचं चाललं असेल, तर गाडी दिवसाउजेडी बघा, थंड इंजिनावर चालू करून बघा, टप दोनदा उघडून बंद करून बघा, आणि आमच्या बैठकीत या. बैठक दर शनिवारी दुपारी चार वाजता असते. वही आणि आरसी बुक बरोबर आणा.